झाडं नंतर लावा, आधी गावाला नाही म्हणू द्या

पाच जून, म्हणजे पर्यावरण दिन आला की ग्रामपंचायतीला वरनं पत्र येतं. इतकी झाडं लावा, फोटो काढा, लोकेशनसकट अपलोड करा, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पाठवा. मग ग्रामसेवक (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, काम तेच) कुठनं तरी रोपं पैदा करतो, सरपंच, उपसरपंच, मेंबर आणि शाळेची पोरं एकाच रोपाला हात लावून उभी राहतात, फोटो होतो आणि विषय संपतो. त्याच गावच्या नदीत रात्री जेसीबी उतरतो त्याबद्दल पंचायतीला कोणी काही विचारत नाही, आणि विचारून तरी काय, तिच्या हातात असतंय काय? वाळू महसूलची, जंगल वनखात्याचं, भूजलाला वेगळं खातं, कारखान्याच्या सांडपाण्याला प्रदूषण मंडळ, नदी आणि धरण पाटबंधाऱ्याचं. पंचायतीच्या वाट्याला आलं झाड, ते पण लावण्यापुरतं.

माझं म्हणणं एवढंच की स्थानिक संस्थांनी पर्यावरण राखावं असं खरंच वाटत असेल तर त्यांना नाही म्हणायचा अधिकार द्यावा लागेल. या पात्रातनं वाळू नाही, या डोंगरावर खाण नाही, या शिवारात आता नवीन बोअर नाही. आणि हा अधिकार एकट्या सरपंचाच्या हातात नको, तो आख्ख्या गावाचा, म्हणजे ग्रामसभेचा पाहिजे. बाकी जनजागृती, स्पर्धा, अभियान, पुरस्कार चालू दे, त्याने काही बिघडत नाही, पण त्याने फारसं काही वाचत पण नाही.

कोणी म्हणेल कागदावर हे आधीच आहे. आहेच की. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आली, तिच्यात २९ विषय आहेत, मृदसंधारण, लघु पाटबंधारे, पाणलोट, सामाजिक वनीकरण, गौण वनोपज, सगळं लिहिलेलं आहे. पण घटनेने हे विषय पंचायतींना थेट दिले नाहीत, राज्यांनी कायदा करून द्यावेत असं ठेवलं, आणि राज्यांनी दिलं ते कसं, तर काम खाली दिलं, माणसं आणि निर्णय वर ठेवले. पैशाचं पण तसंच. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) निधी थेट पंचायतीच्या खात्यावर आला हे चांगलंच झालं, पण त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून आलेला, उरलेल्यात गटार, पेव्हर ब्लॉक, लाईट. त्यातनं गावाने नदी राखायची म्हणजे कशी?

आता हिवरे बाजारचं उदाहरण येणारच, तर घेऊ. नगर जिल्ह्यातलं हे पाणी राखण्यासाठी नावाजलेलं गाव, पाऊस वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, आणि महाराष्ट्रातले निम्मे सरपंच तिथं अभ्यास दौऱ्याला जाऊन आलेत. येताना काय आणतात तर समतल चरांचे आणि बंधाऱ्यांचे फोटो, मग आपल्याकडे पण तसलेच चर खणतात आणि दोन वर्षांनी म्हणतात आपल्याकडे नाही जमलं. कारण चर दिसतो, नियम दिसत नाही. सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या या गावाने आधी स्वतःवर बंधनं घालून घेतली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस नाही, केळी नाही, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. पावसाळा संपला की तिथं पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती झाला, मुरला किती, पिण्याला किती लागणार, जनावरांना किती, आणि उरेल त्यात शेती, आणि पाऊस कमी झाला असेल तर त्या वर्षी काय पेरायचं नाही ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. जरा विचार करा याचा अर्थ काय होतो. विहीर माझी, जमीन माझी, मोटर माझी, आणि गाव मला सांगतंय की यंदा हे पीक घेऊ नकोस, आणि मी ऐकतोय. हे पाणलोटाच्या कामापेक्षा शंभरपट अवघड काम आहे आणि तेच आपण कुठल्या योजनेत घालत नाही.

जलयुक्त शिवार या राज्याच्या पाणी अडवायच्या योजनेचं बघा. कॅगचा २०२० चा रिपोर्ट आला, ९,६३३ कोटी खर्च झाले आणि भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर राजकारण भरपूर झालं, पण माझ्या मते मूळ गोष्ट राजकारणाची नाहीच. नाला खोल केला, पाणी थांबलं, चार लोकांना वाटलं आता पाणी आहे, त्यांनी ऊस लावला, आणि त्यांना ऊस लावू नका म्हणायचा अधिकार कोणालाच नव्हता. आपण अडवण्यावर कोट्यवधी टाकले आणि उपसण्यावर एक ओळ लिहिली नाही.

तसं म्हणायला ओळ लिहिलेली आहे, पण तिची गंमत पुढे.

मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या पट्ट्यात मार्च लागला की बोअरच्या गाड्या फिरायला लागतात, बऱ्याचदा तमिळनाडू पासिंगच्या, एका ट्रकवर मशीन, दुसऱ्यावर रॉड आणि कॉम्प्रेसर. त्याआधी पाणाड्या येऊन जातो, तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातनं चालतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण करतो. मग फुटावर रेट ठरतो आणि रात्री काम चालू होतं. दोनशे फुटाला नुसती पांढरी धूळ, तीनशेला धूळ, चारशेला मशीनवाला मालकाकडे बघतो, मालक म्हणतो अजून शंभर टाका, कारण एवढे पैसे जमिनीत गेलेत तर आता थांबून कसं चालेल. सहाशेला धूळ बसून चिखल यायला लागतो, सगळे पुढे होतात, केसिंगच्या तोंडातनं थोडं पाणी उडतं, कोणीतरी नारळ फोडतं. ते पाणी कोणाचं असतं? शेजारच्याने ज्या विहिरीच्या भरवशावर मोसंबी लावलीय तिचंच ते असू शकतं, पण हा विचार त्या रात्री कोणी करत नाही आणि करायची काही गरज पण नाही, कारण मोसंबीवाला पुढच्या महिन्यात सातशे फूट जाणार असतो.

तर ती कायद्यातली ओळ. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ ला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल, म्हणजे जेमतेम दोनशे फुटाच्या पुढे, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई आहे. दोनशे फूट! त्या पट्ट्यात कुठल्याही पारावर हे वाचून दाखवा, लोक हसतील. कारण अंमलबजावणीचा मुख्य भार ज्या राज्य प्राधिकरणावर आहे ते मुंबईत बसतं आणि गाडी रात्री नऊला येऊन पहाटे पाचला गेलेली असते. ती गाडी कुठल्या रस्त्याने आली, कोणाच्या बांधावर उभी आहे हे अर्ध्या तासात आख्ख्या गावाला माहीत असतं, पण गावाकडे ती थांबवायचा अधिकार नाही, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला ती दिसत नाही. माहिती एकीकडे, अधिकार दुसरीकडे, हाच आपल्याकडचा खरा घोळ आहे आणि वाळूत, जंगलात, नदीत, सगळीकडे हाच आहे. वाळूचं तर काय सांगायचं, धोरण दर दोन-चार वर्षांनी बदलतं, २०२३ ला ६०० रुपये ब्रासने डेपोवर वाळू मिळणार म्हणून जाहीर झालं, ती मिळाली किती जणांना ते घर बांधणाऱ्याला विचारा, पण गावाने नाही म्हटलं तर विषय तिथंच संपला असं सरळ लिहिलेलं धोरण माझ्या बघण्यात नाही. शिफारस घेतात. शिफारस म्हणजे तुमचं मत कळलं, बसा.

गावाच्या हातात खरा अधिकार आला तर काय होतं ते बघायला गडचिरोलीला जावं लागतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), शंभरेक घरांचं गोंड आदिवासी गाव. तिथली 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. ऐकायला भारी वाटते, पण मला त्यांची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. तिथं बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो, म्हणजे एकाने जरी नाही म्हटलं तरी विषय पुढे ढकलायचा, परत बसायचं, परत बोलायचं. आणि अभ्यास गट आहेत, एखाद्या विषयावर आधी माहिती गोळा करायची, कायदा वाचायचा, मग सभेत यायचं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही या कामातली माहीत असलेली नावं, पण सभा गावाची.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढाला १,८०० हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मिळाला म्हणजे कागद मिळाला. बांबू तोडून विकायला गेले तर वाहतूक परवाना वनखातं देईना, कारण त्यांच्या लेखी बांबू म्हणजे झाड, आणि वनहक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे गावाने गोळा करून विकायचा माल. संसदेने केलेला कायदा एका बाजूला, १९२७ च्या इंग्रजांच्या कायद्यावर वाढलेलं खातं दुसऱ्या बाजूला, आणि मधे बांबूची मोळी घेऊन उभा असलेला माणूस. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढाला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एक पावती पुस्तक द्यायला केंद्रीय मंत्री यावा लागतो यातच सगळं आलं. त्यानंतर बांबू तोडायचा की नाही, किती तोडायचा, कुठला भाग मोकळा सोडायचा हे गाव ठरवायला लागलं, पैसा ग्रामसभेच्या खात्यात, हिशोब सगळ्यांसमोर. याच जंगलातला बांबू आधी कागद कारखान्याला स्वस्तात जायचा आणि गावाला मिळायची मजुरी. आता ज्याला उद्या पण तिथंच राहायचंय तो माणूस तोडणीचा निर्णय घेतो, आणि उद्या त्याच्या पोरीला पण तिथंच बांबू लागणार असतो, मग तो कसा सगळं एका वर्षात साफ करेल?

याच्या बरोब्बर उलटी गोष्ट कोकणात झालीय. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने २०११ ला रिपोर्ट दिला. त्या रिपोर्टवर आपल्याकडे जो गदारोळ झाला त्यात एक गोष्ट हरवूनच गेली, समितीचं म्हणणं होतं की कुठला भाग पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील आणि तिथं काय करायचं काय नाही हे शेवटी ग्रामसभांना विचारून ठरवा. आणि सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी तर स्वतः ठराव करून सांगितलं होतं की आमचा भाग संवेदनशील म्हणून जाहीर करा. सक्ती नाही, आंदोलन नाही, लोक आपणहून म्हणतायत की आम्हाला बंधन घाला. पुढे काय झालं? गाडगीळ बाजूला, त्याच विषयावर दुसरी, कस्तुरीरंगन समिती आली, मग २०१४ पासून केंद्राने मसुदा अधिसूचना काढायला सुरुवात केली, तिची मुदत संपते, परत नवीन काढतात, जुलै २०२४ ला सहावी निघाली. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा संवेदनशील जाहीर व्हावा म्हणून लोकांना हायकोर्टात जावं लागलं. त्याच दोडामार्ग तालुक्यात कळणेची लोहखनिजाची खाण आहे, गावाचा विरोध असताना झालेली, आणि जुलै २०२१ च्या पावसात त्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखलाचं पाणी लोकांच्या घरांत आणि बागायतीत घुसलं. तेव्हा बघायला सगळे अधिकारी आले.

आता याच्या शेजारी ओडिशातलं नियमगिरी ठेवून बघा. तिथं बॉक्साईटच्या खाणीचा प्रश्न होता, समोर वेदांतासारखी कंपनी, राज्य सरकार कंपनीच्या बाजूने. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं ग्रामसभांना विचारा. राज्य सरकारनेच १२ गावं निवडली, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं, पुढच्या जानेवारीत केंद्राने परवानगी नाकारली. तिथले डोंगरिया कोंध आदिवासी सिंधुदुर्गातल्या लोकांपेक्षा जास्त शिकलेले होते का, जास्त संघटित होते का, मला नाही वाटत. फरक एवढाच की तिकडे त्यांच्या नाहीला कोर्टाने वजन दिलं होतं आणि इकडे ठराव फाईलला लागला.

बरं, आता ज्याला खेडं माहीत आहे तो इथंच मला अडवणार. म्हणणार, अहो कुठल्या ग्रामसभेचं कौतुक करताय, आमच्याकडे सरपंचाच्या भावाचाच जेसीबी आहे, क्रशरवाला पॅनलला पैसे पुरवतो आणि ग्रामसभेला पंधरा माणसं येतात. खरं आहे, शंभर टक्के खरं आहे, मी पण अशाच सभा बघितल्यात. कायद्याने कोरम आहे १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. तेवढे जमत नाहीत, मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! त्यामुळे कारभाऱ्यांना पहिली सभा भरू नये असंच वाटत असतं. दवंडी हळू आवाजात देतात, नोटीस बोर्डावर कागद लागतो पण त्यावर दुसरा कागद असतो, सभा भर पेरणीत नाहीतर लग्नाच्या तिथीला. मग तहकूब सभा, चार टाळकी, रजिस्टर घरोघर फिरवून सह्या, आणि खाणीची एनओसी एका ओळीत मंजूर, खाली 'सर्वानुमते'. त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती तर बऱ्याच ठिकाणी सहीपुरतीच होते, आणि पाणी भरायला कोण जातं, सरपण कोण आणतं ते सांगायची गरज नाही.

पण यातनं निघणारा अर्थ मला वेगळा दिसतो. लोक ग्रामसभेला येत नाहीत कारण तिथं ठरवण्यासारखं काही नसतं, लाभार्थ्यांची यादी वाचली की झालं. जिथं ठरवण्यासारखं असतं तिथं येतात, मेंढात येतात, दारूबंदीच्या सभेला बाया कशा येतात ते आठवा. आधी लोक लायक होऊ द्या मग अधिकार देऊ हे इंग्रज पण आपल्याला सांगायचे.

शहरात हाच प्रश्न जास्त वाईट आहे, कारण तिथं ग्रामसभेएवढं पण काही नाही. आणि तिथं अधिकार असून काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने महापालिकांना वृक्ष प्राधिकरण दिलं, म्हणजे झाड तोडायला नाही म्हणायचा हक्क चक्क स्थानिक संस्थेकडे आहे. २०१९ ला आरेतल्या मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडांचा विषय मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणासमोर आला, हजारो लोकांनी हरकती पाठवल्या होत्या, प्राधिकरणाने मतदान घेऊन मंजूर केला. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या, सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांच्या वर झाडं पडलेली होती. अधिकार होता, पण त्या खोलीत लोक नव्हते. म्हणून म्हणतो नुसता अधिकार महापालिकेला देऊन भागत नाही, लोक बसतील अशी जागा पाहिजे. वॉर्डातल्या लोकांची क्षेत्र सभा २००९ लाच आपल्या कायद्यात आलीय, पण अशी सभा बघितलेला माणूस मला अजून भेटला नाही. २०२२ नंतर तर नगरसेवकच नव्हते, मुंबई-पुण्यासकट महापालिकांवर कित्येक वर्षं प्रशासक, नदीकाठ सुधारणेपासून पुलांपर्यंत सगळं एका सहीवर, आणि तोडायच्या झाडावर डकवलेली नोटीस वाचून हरकत घेतली तर ती पण त्याच साहेबाच्या टेबलावर.

शिवाय महापालिका स्वतःच मोठी प्रदूषक आहे हे आपण बोलत नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्यात जास्त. त्यात मोठा वाटा शहरांच्या मैल्याचा आहे. पुण्यातला मैलापाणी प्रकल्प २०१६ ला मंजूर झाला, जपानचं कर्ज, केंद्राचा पैसा, आणि नदी अजून तशीच घाण. पुण्याचं पाणी खाली उजनीत जातं आणि ते सोलापूरवाले पितात, पण पुण्याच्या बजेटवर सोलापूरच्या माणसाचं मत चालत नाही. इथं मात्र स्थानिकांना अधिकार द्या हे उत्तर पुरत नाही हे कबूल केलं पाहिजे, खालच्या गावाला वरच्या शहराविरुद्ध दाद मागता येईल अशी व्यवस्था लागेल, आणि प्रदूषण मंडळ नोटीस पाठवण्यापलीकडे काही करत नाही तोवर ती नाही.

जैवविविधता समित्यांचं थोडक्यात सांगतो कारण जास्त सांगण्यासारखं नाही. २००२ चा कायदा, प्रत्येक पंचायतीत समिती, लोकांनी आपल्या गावातल्या झाडापाल्याची, माशांची, बियाण्यांची नोंदवही करायची, कल्पना फार सुंदर होती. वर्षानुवर्षं काही झालं नाही, मग हरित लवादाने दंडाची तारीख लावली आणि महाराष्ट्रातल्या २७-२८ हजार पंचायतींच्या वह्या धडाधड तयार झाल्या. आपल्या गावची वही मागून बघा, आणि मग शेजारच्या गावची पण बघा.

राहिला विकासाचा मुद्दा, म्हणजे सगळ्या गावांनी नाही म्हटलं तर घरं कशाने बांधायची, लोखंड कुठनं आणायचं. पण मेंढाने बांबू तोडणं बंद नाही केलं, स्वतः तोडला आणि विकला. हिवरे बाजारने शेती सोडली नाही, पीक बदललं. ज्याला नाही म्हणता येतं त्यालाच अटी घालून हो म्हणता येतं, इतकीच वाळू, या महिन्यातच, यंत्राने नाही, गाडीमागे एवढे पैसे गावाच्या खात्यात, पावतीवर ग्रामसभेचा शिक्का. ज्याच्या हातात काहीच नाही तो एकतर रस्ता अडवतो नाहीतर गप्प बसतो, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर चाललंय.

सुरुवात करायला फार मोठा कायदा पण नको. ग्रामपंचायत अधिनियमात घाला की वाळू, खाण, गायरान, जंगल आणि पाणी यावरचा ठराव तहकूब सभेत चालणार नाही, पूर्ण कोरम पाहिजे, महिला सभेचा वेगळा होकार पाहिजे, आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग. बोअरची गाडी शिवारात शिरायच्या आधी पंचायतीकडे नोंद आणि बिगर नोंदीची गाडी पंचायतीला जाग्यावर थांबवता येईल, दंडाचे पैसे पंचायतीकडे. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या कायद्याखालच्या गावांमध्ये गौण खनिजाला ग्रामसभेची शिफारस आधीच सक्तीची आहे, ती बाकीच्या गावांना पण लावा आणि शिफारस शब्द काढून संमती लिहा. मुंबईला यातलं काहीच आवडणार नाही, मग सत्ता कुठल्या का पक्षाची असेना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच सरपंचांना पण आवडणार नाही.